व्हिडिओ चित्रावर अक्षरे उमटवणारे सर्किट : यंत्रमागाच्या शेडसाठी पहिल्यापासून रचना

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा शहराच्या पूर्व भागात टॉवेल आणि चादरींचे यंत्रमाग चालवणाऱ्या अनेक शेडमध्ये ॲनालॉग कॅमेरे बसवलेले असतात, आणि मालक किंवा जॉबर (मागांची देखभाल करणारा) एका कोपऱ्यातील मॉनिटरवर सगळ्या मागांकडे लक्ष ठेवतो. त्या चित्रावरच मागाचा क्रमांक, तो चालू आहे की बंद, आणि आतापर्यंत किती आडवे धागे भरले, एवढी माहिती दिसली तर देखरेखीचे काम पुष्कळ सोपे होते. या लेखात असे सर्किट पहिल्यापासून कसे रचावे हे सांगितले आहे. वाचकाला सोल्डरिंग येते, मायक्रोकंट्रोलरवर छोटा प्रोग्राम चढवता येतो, पण व्हिडिओ सिग्नलशी त्याचा संबंध आलेला नाही, असे येथे गृहीत धरले आहे.

रचनेचा प्रत्येक निर्णय ज्या एका नियमावरून घ्यायचा, तो आधी सांगतो. मूळ चित्र हे मुख्य आहे आणि अक्षरे ही त्यावरची भर आहे. म्हणून आपले सर्किट बिघडले, प्रोग्राम अडकला किंवा वीज गेली तरी कॅमेऱ्याचे चित्र मॉनिटरपर्यंत पोचलेच पाहिजे. इंटरनेटवर सापडणारी बरीच सर्किटे अक्षरे उमटवतात खरी, पण या कसोटीला उतरत नाहीत.

कॅमेरा कोणता सिग्नल देतो ते आधी पाहावे

हे सर्किट फक्त कंपोझिट व्हिडिओसाठी, म्हणजे सीव्हीबीएस सिग्नलसाठी आहे. गेल्या काही वर्षांत विकले जाणारे बहुतेक ॲनालॉग कॅमेरे एएचडी, टीव्हीआय किंवा सीव्हीआय या अधिक स्पष्टतेच्या पद्धतींचे असतात. त्यांचाही कनेक्टर बीएनसीच असतो, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. त्यांतील अनेक कॅमेऱ्यांच्या वायरीवर छोटा जॉयस्टिक किंवा स्विच दिलेला असतो आणि तो वापरून आउटपुट सीव्हीबीएसवर आणता येते. ते न करता सर्किट जोडल्यास सिंक सेपरेटरला, म्हणजे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची खूण (सिंक) वेगळी काढणाऱ्या आयसीला, काहीच ओळखता येणार नाही, आणि दोष सर्किटात शोधण्यात दिवस जाईल.

केबल ७५ ओहमची, म्हणजे आरजी५९ असावी. तशीच दिसणारी आरजी५८ केबल ५० ओहमची असते. ती वापरल्यास सिग्नल टोकावरून परावर्तित होऊन चित्रात कडांना सावली दिसते.

एका ओळीत काय काय असते

भारतात पाल पद्धत वापरली जाते. तिच्यात सेकंदाला २५ पूर्ण चित्रे, प्रत्येक चित्रात ६२५ ओळी, आणि त्या ओळी दोन फील्डमध्ये (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत) वाटलेल्या, म्हणजे सेकंदाला ५० फील्ड असतात. एका ओळीचा काळ ६४ मायक्रोसेकंद असतो. पुढचा सगळा हिशेब या ६४ मायक्रोसेकंदांच्या आत होणार असल्यामुळे त्यांची वाटणी पाठ असलेली बरी.

ओळीची सुरुवात सिंकच्या खालच्या पल्सने होते आणि तो पल्स ४.७ मायक्रोसेकंद टिकतो. त्यानंतर सुमारे ५.८ मायक्रोसेकंदांचा मागचा पोर्च, म्हणजे चित्राआधीचा रिकामा भाग, असतो आणि त्यातच कलर बर्स्ट, म्हणजे ४.४३ मेगाहर्ट्झच्या सुमारे १० लहरी, बसवलेला असतो. मॉनिटर या बर्स्टवरून रंगांचा संदर्भ घेतो. पुढचे सुमारे ५२ मायक्रोसेकंद प्रत्यक्ष चित्राचे असतात, आणि शेवटी साधारण दीड मायक्रोसेकंदाचा पुढचा पोर्च येऊन ओळ संपते. ७५ ओहमच्या भारावर पूर्ण सिग्नल १ व्होल्टचा असतो : सिंकच्या तळापासून काळ्या पातळीपर्यंत ०.३ व्होल्ट, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ०.७ व्होल्ट.

यावरून आपल्या कामाची हद्द ठरते. सिंकच्या कडेपासून पहिले साडेदहा मायक्रोसेकंद आपण सिग्नलला हात लावायचा नाही. सिंकला धक्का लागला तर चित्र फाटते किंवा फिरू लागते. बर्स्टला धक्का लागला तर चित्र स्थिर राहते पण रंग जातात किंवा बदलतात. दोष शोधताना एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मे काम होते.

सिंक वेगळा काढणे

या कामासाठी एलएम१८८१ ही आठ पायांची आयसी वापरावी. ती जुनी आहे, ५ व्होल्टवर चालते आणि ब्रेडबोर्डवर बसणाऱ्या आकारात मिळते. पिन २ वर ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून व्हिडिओ द्यावा, पिन ८ ला ५ व्होल्ट आणि पिन ४ ला ग्राउंड जोडावे, आणि पिन ६ वरून ग्राउंडकडे ६८० किलोओहमचा रेझिस्टर व त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. मग पिन १ वर कंपोझिट सिंक, पिन ३ वर व्हर्टिकल सिंक (नवे फील्ड सुरू झाल्याची खूण), पिन ५ वर बर्स्टच्या काळातील पल्स आणि पिन ७ वर सम-विषम फील्डची खूण मिळते. सिंकचे आउटपुट सक्रिय असताना शून्यावर जाते, म्हणून प्रोग्राममध्ये खाली येणारी कड पकडायची.

व्हिडिओ आयसीकडे नेताना वाटेत ६२० ओहमचा रेझिस्टर आणि तेथून ग्राउंडला ५१० पिकोफॅरडचा कपॅसिटर ही जोडी अवश्य ठेवावी. तिच्यामुळे ४.४३ मेगाहर्ट्झचा रंगाचा भाग दबतो आणि गडद रंगांच्या जागी आयसी फसत नाही. मागांच्या मोटारींमुळे शेडमध्ये विजेचा गोंगाट भरपूर असतो, त्यामुळे येथे ही जोडी गाळून चालत नाही. तिच्यामुळे सिंकला किंचित उशीर होतो, पण तो प्रत्येक ओळीत सारखाच असल्याने अक्षरे फक्त जराशी उजवीकडे सरकतात.

पुढे जाण्यापूर्वी सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) पिन १ पाहावी. दर ६४ मायक्रोसेकंदांनी एक स्वच्छ पल्स दिसला पाहिजे. येथे पल्स गळत किंवा थरथरत असतील तर पुढचे काहीही नीट चालणार नाही. २० मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलचा सीआरओ या कामाला पुरतो, आणि शासकीय तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्यांना तो प्रयोगशाळेत सहज मिळतो.

पहिला प्रयोग : चित्रावर पांढरी चौकट

अक्षरांकडे लगेच वळू नये. कॅमेऱ्याची केबल मॉनिटरला सरळ जोडलेली ठेवून त्याच तारेवर मायक्रोकंट्रोलरच्या एका साध्या पिनमधून थोडा प्रवाह सोडायचा, एवढाच पहिला प्रयोग करावा. येथे एटीमेगा३२८पी आणि १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल गृहीत धरला आहे. हीच चिप आर्डुइनो उनोवर असते.

रेझिस्टरची किंमत अशी निघते. कॅमेऱ्याचा आतला रोध ७५ ओहम आणि मॉनिटरचा शेवटचा रोध ७५ ओहम, दोन्ही समांतर मिळून आपल्या पिनला ३७.५ ओहमचा भार दिसतो. पिनपासून १एन४१४८ डायोड आणि २७० ओहमचा रेझिस्टर एकापुढे एक जोडून व्हिडिओच्या तारेला लावले, तर पिन उच्च असताना साधारण १२ मिलिॲम्पिअर प्रवाह जातो आणि तारेवरील पातळी सुमारे ०.४५ व्होल्टने चढते. एवढ्याने काळ्या भागावर स्पष्ट करडी-पांढरी खूण उमटते आणि पिनवरही ताण येत नाही. डायोडचे काम असे की पिन शून्यावर असताना तिने व्हिडिओ खाली ओढू नये. या प्रयोगात आपल्या बाजूला ७५ ओहमचा रोध लावायचा नाही, कारण तो मॉनिटरमध्ये आधीच आहे.

प्रोग्राम असा : व्हर्टिकल सिंक आल्यावर ओळींची मोजणी शून्य करावी, प्रत्येक सिंकला ती एकाने वाढवावी, ओळ ६० ते १०० च्या दरम्यान असेल तर सिंकच्या कडेपासून २१ मायक्रोसेकंदांनी पिन वर न्यावी आणि ५१ मायक्रोसेकंदांनी खाली आणावी. मॉनिटरवर चौकट दिसली की सिंक, मोजणी आणि वेळ या तिन्ही गोष्टी जमल्या.

तिच्या कडा बारकाईने पाहाव्यात. त्या बहुधा सरळ नसतील. उभी कड करवतीच्या दात्यांसारखी हललेली दिसेल. मायक्रोकंट्रोलर हातातील सूचना पूर्ण करूनच इंटरप्टकडे वळतो, आणि काही सूचनांना एक तर काहींना दोन-तीन क्लॉक लागतात, त्यामुळे प्रत्येक ओळीत सुरुवात वेगळ्या क्षणी होते. एक क्लॉक म्हणजे ६२.५ नॅनोसेकंद, असे तीन क्लॉक इकडेतिकडे झाले की डोळ्याला खटकतात. उपाय सोपा आहे. ओळीचे काम संपले की मुख्य प्रोग्रामने चिपला ‘आयडल’ निद्रेत पाठवावे, म्हणजे पुढचा सिंक नेहमी त्याच स्थितीत तिला उठवतो आणि उशीर सारखाच राहतो. त्याहून खोल निद्रा वापरू नये, कारण तिच्यात आय/ओचे क्लॉक बंद होते आणि सिंक जिला जोडला आहे त्या आयएनटी० या इंटरप्टच्या पिनवरची कड ओळखली जात नाही. कॅमेऱ्याचे आणि चिपचे क्लॉक वेगवेगळे असल्याने एका क्लॉकची थरथर तरीही उरते, पण ती खटकत नाही.

जोडण्याऐवजी निवडणे

पहिल्या पद्धतीत आपण चित्रावर उजेड चढवतो. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर ते ठीक दिसते, पण मागावर पांढरा टॉवेल विणला जात असेल तर पांढऱ्यावर पांढरे चढून काहीच वाचता येत नाही, शिवाय खालचा रंग अक्षरांतून झिरपतो. म्हणून खऱ्या सर्किटात चित्र आणि अक्षरे यांची बेरीज न करता दोघांतून एकाची निवड करायची असते, आणि अक्षरांच्या मागे काळी पट्टी द्यायची असते.

त्यासाठी ७४एचसी४०५३ ही तीन बदलस्विचांची आयसी घ्यावी. नाव सारखे असलेली सीडी४०५३ घेऊ नये. ५ व्होल्टवर ती फार सावकाश बदलते आणि तिचा आतला रोधही बराच जास्त असतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा पसरतात. पिन ६, ७ आणि ८ ग्राउंडला जोडाव्यात आणि पिन १६ ला ५ व्होल्ट द्यावेत.

स्विचांची मांडणी कशी करावी यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. पहिल्या स्विचने पांढरी पातळी किंवा काळी पातळी निवडावी, आणि त्याला ‘अक्षर’ पिनने चालवावे. दुसऱ्या स्विचने मूळ व्हिडिओ किंवा पहिल्या स्विचचे आउटपुट निवडावे, आणि त्याला ‘पट्टी’ पिनने चालवावे. अशा मांडणीत चित्राला हात लावण्याचा अधिकार एकट्या ‘पट्टी’ पिनकडे राहतो. ती शून्यावर असेल तर अक्षर पिनवर काहीही गोंधळ चालला तरी मूळ चित्र अबाधित जाते. ‘पट्टी’ पिनवर १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे लावावा, म्हणजे चिप रीसेट होत असताना किंवा तिच्यावर नवा प्रोग्राम चढत असतानाही चित्र चालू राहील. ही मांडणी उलटी, म्हणजे आधी काळे मिसळून नंतर पांढरे मिसळणारी केली, तरी अक्षरे तितकीच चांगली उमटतात. पण मग दोन पिना चित्र बिघडवू शकतात, म्हणून ती मला पटत नाही.

स्विचकडे येणाऱ्या व्हिडिओची पातळी निश्चित असावी लागते. कॅमेऱ्याचा सिग्नल कपॅसिटरमधून आला की चित्र उजळ आहे की गडद यानुसार वर-खाली सरकतो, आणि आपली काळी पातळी मात्र जागच्या जागी राहते. म्हणून सिंकचा तळ एका ठरावीक व्होल्टेजला बांधून टाकावा लागतो. इनपुटला ७५ ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला द्यावा, तेथून १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून सिग्नल पुढे न्यावा, आणि कपॅसिटरनंतरच्या बिंदूला १एन४१४८ डायोडचा कॅथोड जोडून त्याचा ॲनोड सुमारे ०.८ व्होल्टच्या संदर्भ पातळीला जोडावा. ही पातळी १ किलोओहमच्या प्रीसेटने (स्क्रूने फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरने) बनवावी आणि तिच्यावर १० मायक्रोफॅरड ठेवावा. सिग्नलचा तळ खाली जाऊ लागला की डायोड त्याला वर धरतो. त्याच बिंदूवरून २२ किलोओहम ग्राउंडला द्यावा, म्हणजे बिंदू हळूहळू खाली उतरत राहतो आणि प्रत्येक सिंकला पुन्हा जागेवर येतो.

यापुढे बफर म्हणून ट्रान्झिस्टर लागतो, आणि हाताशी असलेला बीसी५४७ लावण्याचा मोह होतो. येथे पीएनपी जातीचा बीसी५५७ लावावा : कलेक्टर ग्राउंडला, एमिटरला ५ व्होल्टवरून दीड किलोओहम, आणि आउटपुट एमिटरवरून. यामागचे कारण सोलापूरच्या उन्हाळ्याशी थेट संबंधित आहे. डायोड आणि ट्रान्झिस्टर या दोघांचेही जंक्शन व्होल्टेज तापमान एका अंशाने वाढले की सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. बीसी५४७ लावला तर दोघांचे सरकणे एकाच दिशेने होते. जानेवारीतल्या सकाळी लावलेली पातळी एप्रिल-मे महिन्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये, ३० अंश अधिक तापलेल्या डब्यात सुमारे १२० मिलिव्होल्टने वर चढते. सिंकची पूर्ण उंचीच ३०० मिलिव्होल्ट असते. चित्र एवढे वर गेले आणि आपली काळी पट्टी जागेवरच राहिली, तर मॉनिटर पट्टीलाच सिंक समजू लागतो आणि भर दुपारी चित्र फाटते. बीसी५५७ मध्ये डायोडचे सरकणे वर आणि ट्रान्झिस्टरचे खाली असे होऊन ते बहुतांशी फिटते.

एलएम१८८१ च्या पिन ५ वरील पल्स वापरून मागच्या पोर्चला पातळी बांधण्याची अधिक अचूक पद्धतही आहे. पण बर्स्ट त्याच पोर्चमध्ये असतो. स्विच सरळ जोडला तर तो बर्स्टलाच दाबून टाकतो. मध्ये सुमारे १ किलोओहम ठेवून ते टाळता येते. नवशिक्यांनी डायोडवरच समाधान मानावे.

काळी आणि पांढरी पातळी आणखी दोन प्रीसेटने बनवावी. काळी पातळी, एमिटरवर सिंकचा तळ जेथे दिसतो तेथून ०.३ व्होल्ट वर किंवा त्याहून जराशी अधिक लावावी. खाली कधीही लावू नये. पांढरी पातळी काळ्याच्या वर ०.७ व्होल्टपर्यंत नेता येते, पण ०.५५ च्या आसपास ठेवल्यास अक्षरे डोळ्यांना सुखद वाटतात आणि त्यांच्या कडा फुलत नाहीत.

आउटपुट

स्विचच्या पुढे थेट केबल जोडता येत नाही. केबलच्या दोन्ही टोकांना ७५ ओहम असल्याने सिग्नल निम्मा होतो, म्हणून त्याआधी तो दुप्पट करावा लागतो. यासाठी ५ व्होल्टवर चालणारा, आउटपुट जवळजवळ पुरवठ्याच्या व्होल्टेजपर्यंत जाऊ शकणारा व्हिडिओ ऑप-अँप घ्यावा, त्याची वाढ २ ठेवावी, आणि आउटपुटला ७५ ओहमचा रेझिस्टर व पुढे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. त्याची बँडविड्थ ५० मेगाहर्ट्झच्या आसपास असावी. एलएम३५८ येथे अजिबात चालत नाही. तो १ मेगाहर्ट्झच्या घरातला आहे आणि रंग त्याच्यातून पार होत नाहीत.

कॅमेरा आणि मॉनिटर यांच्यामध्ये आता आपले सर्किट आले, म्हणून सुरुवातीचा नियम येथे पाळावा लागेल. दोन बदलसंपर्कांचा छोटा ५ व्होल्टचा रिले घ्यावा. एका सामाईक संपर्काला कॅमेरा आणि दुसऱ्याला मॉनिटर जोडावा, दोन्हीचे नेहमी बंद असणारे संपर्क एकमेकांना जोडावेत, आणि उघडे संपर्क सर्किटच्या इनपुट व आउटपुटला न्यावेत. सर्किटला वीज असेपर्यंत रिले ओढलेला राहतो. वीज गेली की कॅमेरा मॉनिटरला सरळ जोडला जातो आणि आपला ७५ ओहमचा भारही आपोआप सुटतो. कॉइलवर उलटा डायोड लावण्यास विसरू नये. प्रोग्राम अडकण्याच्या प्रसंगासाठी चिपमधील वॉचडॉग (ठरावीक वेळात प्रोग्रामकडून खूण न मिळाल्यास चिप पुन्हा सुरू करणारा टायमर) ६४ मिलिसेकंदांवर चालू ठेवावा आणि प्रत्येक फील्डमध्ये एकदा त्याला दिलासा द्यावा. फील्ड २० मिलिसेकंदांचे असल्याने ही मर्यादा पुरेशी सैल आहे.

अक्षरे पडद्यावर आणणे

आता अक्षरांचे ठिपके वेगाने बाहेर पाठवायचे आहेत. एटीमेगा३२८पी मध्ये एसपीआय (बिट एकामागून एक क्लॉकच्या तालावर पाठवणारा भाग) आहे, पण त्याला पाठवण्याचा बफर नसल्याने दोन बाइटच्या मध्ये फट पडते आणि अक्षरांत उभ्या रेघा दिसतात. त्याऐवजी चिपमधील सिरियल पोर्ट, म्हणजे यूएसएआरटी, ‘मास्टर एसपीआय’ पद्धतीत चालवावा. त्याला बफर आहे, त्यामुळे ठिपके सलग येतात. वेगाचे रजिस्टर शून्य ठेवल्यास ८ मेगाहर्ट्झ मिळतो, म्हणजे एक ठिपका १२५ नॅनोसेकंदांचा आणि एक बाइट बरोबर १ मायक्रोसेकंदाचा. पीडी४, म्हणजे क्लॉकची पिन, आउटपुट म्हणून घोषित करावी लागते. तसे न केल्यास क्लॉक बाहेर येत नाही आणि ही पद्धत नीट चालत नाही. ‘अक्षर’ पिन ही पीडी१ असेल. डेटा संपल्यावर ती कोणत्या पातळीवर थांबते ते सीआरओवर पाहावे. ती उच्च राहत असेल तर पट्टी शेवटच्या अक्षराबरोबरच संपवावी.

३० बाइटची ओळ ३० मायक्रोसेकंद घेते. चित्राचा भाग सिंकच्या कडेपासून १०.५ ते ६२.५ मायक्रोसेकंद एवढा असल्याने २१.५ मायक्रोसेकंदांना सुरुवात केल्यास मजकूर मधोमध येतो. एका ओळीत चिपला १०२४ क्लॉक मिळतात आणि एका बाइटला १६. एवढ्यात अक्षर शोधणे, फॉन्टमधून त्याची ओळ काढणे आणि पाठवणे हे असेंब्लीत बसते. सी भाषेत लिहायचे असेल तर पुढच्या ओळीचे ३० बाइट आधीच्या ओळीच्या उरलेल्या वेळात तयार करून ठेवावेत. व्हर्टिकल सिंकनंतरच्या पहिल्या ४० ओळींत काहीही दाखवू नये, कारण तो भाग बहुतेक मॉनिटर पडद्याच्या कडेबाहेर ढकलतात. दोन्ही फील्डमध्ये तोच मजकूर द्यावा. एका फील्डमध्येच दिला तर तो लुकलुकतो.

फॉन्ट रचताना चादरीच्या जॅकार्डची नक्षी जशी आखणीच्या कागदावर चौकटी भरून काढतात, तसेच प्रत्येक अक्षर चौकटी भरून काढायचे आहे. ८ मेगाहर्ट्झचा ठिपका आणि एका फील्डची एक ओळ मिळून चौकट जवळजवळ चौरस होते, त्यामुळे कागदावर दिसते तसेच अक्षर पडद्यावर दिसते. मात्र एक पथ्य पाळावे : कोणतीही उभी रेघ दोन ठिपक्यांपेक्षा बारीक ठेवू नये. एक ठिपका पांढरा आणि एक काळा असे आलटून-पालटून आले तर ४ मेगाहर्ट्झची लहर तयार होते, ती रंगाच्या ४.४३ मेगाहर्ट्झला जवळ असते, आणि मॉनिटर तिला रंग समजून अक्षरांभोवती इंद्रधनुषी झाक दाखवतो.

देवनागरीसाठी ८ ठिपक्यांची रुंदी पुरत नाही. १६ बाय १६ ची चौकट घ्यावी, म्हणजे एका चौकटीला ३२ बाइट लागतात. काना, मात्रा आणि जोडाक्षरे प्रोग्रामने जुळवण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्याला लागणारे शब्द मोजकेच आहेत : ‘माग’, ‘चालू’, ‘बंद’, ‘धागा तुटला’. त्यांची पूर्ण चित्रेच फ्लॅश मेमरीत ठेवावीत. ६४ ठिपके रुंद शब्दाला १२८ बाइट लागतात आणि ३२ किलोबाइटच्या फ्लॅशमध्ये असे शब्द भरपूर मावतात. ० ते ९ हे अंक तेवढे वेगळे ठेवावेत. त्यांना ३२० बाइट पुरतात. या पद्धतीचा सोलापुरात आणखी एक उपयोग आहे. मागांवर काम करणाऱ्यांपैकी अनेकांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड आहे, आणि शब्द हे चित्रच असल्याने प्रोग्राममध्ये काहीही न बदलता तेच संदेश त्या लिपींत दाखवता येतात.

ज्यांना शिकण्यापेक्षा काम लवकर उरकायचे आहे त्यांच्यासाठी मॅक्स७४५६ ही तयार आयसी आहे. सिंक ओळखणे, अक्षरे मिसळणे आणि आउटपुट देणे हे सगळे ती एकटी करते. पालमध्ये ३० स्तंभ आणि १६ ओळी दाखवते, आणि तिच्यात १२ बाय १८ ठिपक्यांची २५६ अक्षरे आपली आपण भरता येतात. ड्रोन उडवणारे ती बराच काळ वापरत आले आहेत. तिचे पाय बारीक असल्याने तयार बोर्डच घ्यावा. रिले मात्र तिलाही लावावा.

मागाशी जोडणी

माग चालू आहे की नाही आणि किती फेरे झाले हे कळण्यासाठी फिरणाऱ्या शाफ्टजवळ प्रॉक्झिमिटी सेन्सर बसवावा. हे सेन्सर बहुधा २४ व्होल्टवर चालतात. त्यांची तार मायक्रोकंट्रोलरला थेट न जोडता पीसी८१७ ऑप्टोकपलरमधून आणावी. २४ व्होल्टसाठी २.२ किलोओहमचा रेझिस्टर घेतल्यास सुमारे १० मिलिॲम्पिअर मिळतात. सेन्सरची पिन स्वतंत्र इंटरप्टने वाचू नये, कारण तो इंटरप्ट अक्षरांच्या मध्येच आला तर ती ओळ हलते. दर फील्डला, चित्र नसलेल्या सुमारे २५ ओळींच्या १.६ मिलिसेकंदांत पिन तपासावी. यंत्रमागाच्या वेगाला सेकंदाला ५० वेळा पाहणे पुरेसे होते, फक्त सेन्सरसमोरचा लोखंडी तुकडा एवढा रुंद असावा की त्याचा संकेत २० मिलिसेकंदांहून अधिक टिकेल.

पडद्यावर आडवे, हळूहळू वर किंवा खाली सरकणारे रुंद पट्टे दिसले तर दोष बहुधा ग्राउंडच्या वळशाचा असतो. कॅमेऱ्याचा अडॅप्टर एका फेजवर आणि मॉनिटर दुसऱ्या ठिकाणी अर्थ केलेला असेल, तर केबलच्या कवचातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो. पालचे फील्डही सेकंदाला ५० असल्याने हे पट्टे जवळजवळ स्थिर भासतात. आपल्या बोर्डला कॅमेऱ्याच्याच १२ व्होल्ट पुरवठ्यातून वीज द्यावी, आणि एवढ्याने पट्टे गेले नाहीत तर मॉनिटरच्या बाजूला व्हिडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा. १२ व्होल्टचे ५ करण्यासाठी ७८०५ वापरल्यास, रिलेसह १०० मिलिॲम्पिअरला त्यावर ०.७ वॉट उष्णता होते, म्हणून हीट सिंक आवश्यक आहे.

डबा बंद असावा. विणकामाच्या शेडमध्ये कापसाचे बारीक तंतू हवेत सतत तरंगतात, जाळीच्या डब्यात ते सर्किटवर थर धरतात, आणि पावसाळ्यात ओल धरून पिनांमध्ये गळती करतात. धातूचा बंद डबा घेऊन ७८०५ ची उष्णता त्याच्या भिंतीला द्यावी, मात्र तो डबा ग्राउंडशी जोडला जाईल हे ध्यानात ठेवून त्याला मागाच्या सांगाड्यापासून रबरी वॉशरने वेगळा ठेवावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांचेच घ्यावेत.

शेवटची तपासणी

प्रीसेट लावण्याचे काम डबा तापल्यावर, निदान तासभर चालल्यावर करावे. कॅमेऱ्यासमोर आधी पांढरा टॉवेल आणि नंतर लेन्सचे झाकण धरून पट्टी दोन्ही वेळा सारखीच काळी दिसते का ते पाहावे. फरक दिसला तर डायोडची पातळी किंवा २२ किलोओहमची जोडणी तपासावी. मग मुद्दाम वीज काढावी, रीसेटची कळ दाबून धरावी, सेन्सरची तार सोडावी, आणि प्रत्येक वेळी चित्र टिकते का ते पाहावे. वीज काढताना रिले बदलण्याच्या क्षणी मॉनिटर एकदा झटका घेईल, तेवढे चालते.

एकापेक्षा जास्त कॅमेरे असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र बोर्ड लागेल. प्रत्येक कॅमेऱ्याचा सिंक आपापल्या क्लॉकवर चालतो आणि दोन कॅमेऱ्यांच्या ओळी कधीच एकमेकांशी जुळून राहत नाहीत, त्यामुळे एका मायक्रोकंट्रोलरने दोघांवर अक्षरे उमटवता येत नाहीत. सेन्सरचे संकेत मात्र ऑप्टोकपलरच्या अलीकडे वाटून दोन बोर्डांना देता येतात; त्यासाठी प्रत्येक बोर्डावर स्वतंत्र पीसी८१७ ठेवावा आणि त्यांच्या एलईडी बाजू समांतर जोडताना प्रत्येकीला आपला वेगळा २.२ किलोओहम द्यावा.